बेडकासाठी अमृत

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करतात आणि जन्मभर जिने चढतात. लिफ्ट बंद पडली की बाकीचे लोक खाली उभे राहून कंपनीच्या नावानं खडे फोडतात. भाऊजी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीपर्यंत पायी जातात. त्यामुळे त्यांच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या आहेत. छातीचं म्हणाल, तर त्याबद्दलच सांगायला बसले आहे.

माणूस लाखात एक. पण त्यांच्या एका खोडीपायी मी कितीदा कपाळाला हात लावला असेल! चांगली वस्तू वापरायचीच नाही. नवा शर्ट घडीचा कपाटात, रजा साठवलेल्या, भेट मिळालेलं पेन डबीत. त्यांच्याच इमारतीच्या तळमजल्यावर माझं केस कापायचं दुकान आहे, म्हणून मी त्यांना दर वाढदिवसाला उत्तम शॅम्पू देते. त्या बाटल्या न्हाणीघराच्या फळीवर पलटणीसारख्या उभ्या आहेत आणि हे गृहस्थ अंगाच्या साबणानं डोकं धुतात.

"भाऊजी, कधी उघडणार?"

"उघडू गं, मेहुणीबाई. काहीतरी खास असलं की उघडू."

माझा राग नाकावर असतो, आणि असल्या उत्तरानं तो तिथून कपाळात जातो.

ही खोड व्हिडिओ गेममधून आली असं माझं मत. ताई म्हणते, खोड आधीची, गेम नंतरचे. काही असो, दोघांनाही त्या गेमचं वेड आहे, आणि तेही लांबलचक जातीच्या. आपण एक पात्र व्हायचं आणि महिनोन्महिने त्याची तलवार, त्याचे मित्र, त्याची भांडणं सांभाळत एक अख्खी गोष्ट जगायची. पन्नाशीला आलेली ही दोन माणसं दिवाणखान्यातल्या सोफ्यावर एकेक कोपरा धरून बसतात आणि टीव्ही कोणाच्या ताब्यात यावरून रोज जुंपते. कारण गाण्यात असतात तशी यातही घराणी आहेत. भाऊजी जपानी घराण्याचे आणि ताई पाश्चात्त्य.

जपानी गेममध्ये नायक ठरलेला, त्याचं नाव ठरलेलं, त्याचं दुःखसुद्धा ठरलेलं. गाव जळतं, पोरगा निघतो, वाटेत सोबती मिळतात, त्यातलं एक हटकून रडतं आणि शेवटी जग वाचतं. भाऊजींच्या लाडक्या जुन्या गेममध्ये तर लढाईसुद्धा पाळीपाळीनं. तुम्ही वार करायचा, मग राक्षसानं. तुम्ही विचार करत बसलात तर राक्षस जागच्या जागी हलत उभा राहतो.

"याला म्हणतात सभ्यता," भाऊजी म्हणतात. "राक्षस असला तरी आपलं म्हणणं होऊ देतो."

"आणि यांना गोष्टीत काही ठरवावं लागत नाही," ताई म्हणते. "रुळावरची गाडी. बसले की पोचले."

ताईचं सगळं उलटं. तिच्या गेममध्ये आधी स्वतःचा चेहरा घडवायचा आणि मग रान मोकळं. राजाला वाचवा, नाहीतर त्याच्या मुदपाकखान्यातले चमचे चोरा. ताई चमचे चोरते. पहारेकऱ्यांशी वाद घालते, भलत्याच गुहेत शिरते, आकाशातून आग बरसत असताना नदीकाठी फुलं तोडत बसते.

"अगं, जग बुडतंय तिकडे!" भाऊजी कळवळून म्हणतात.

"थांबेल ते. माझ्याशिवाय बुडत नाही."

त्यांची गाठ पडली तीही अशीच. तरुणपणी ताई एका ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकली होती आणि भाऊजी नव्यानंच कामाला लागले होते. त्यांनी बाहेरून विचारलं, "कोणी आत अडकलंय का?" आतून ताई म्हणाली, "मी आहे, आणि मी सगळी बटणं दाबून बघितली आहेत." भाऊजी म्हणाले, "आता कृपा करून एकही दाबू नका." हा संवाद आजतागायत चालू आहे.

मी दोन्ही घराण्यांची शागिर्दी करून पाहिली. जपानी गेममधल्या नायकाचे केस पाहिले आणि पुढे सरकलेच नाही. पावसात, वाऱ्यात, समुद्राच्या तळाशीसुद्धा ते केस ताठ. कुठलं जेल लावतो ते सांगा, मग जग वाचवू, म्हटलं. ताईच्या गेममध्ये चेहरा घडवायच्या पानावरच माझी दुपार गेली. पुढचे केस भुवईच्या वर ठेवावेत की खाली, यातच मी इतकी रमले की गेम सुरू करायचा राहून गेला.

पण दोन्हींत एक गोष्ट सारखी, आणि खरी मेख तिथेच आहे. प्रत्येक गेममध्ये पात्राजवळ एक पिशवी असते आणि पिशवीत औषधं. साधी असतात, जखमेपुरती. काही मात्र दुर्मीळ, एका घोटात मेलेला उठून बसेल अशी. भाऊजी त्यांना अमृत म्हणतात. ताई बोट कापलं तरी अमृत पिते. भाऊजींनी आजवर एक थेंब खर्च केलेला नाही. सोबती धारातीर्थी पडतील, स्वतः रांगत पुढे जातील, पण अमृत शेवटच्या राक्षसासाठी राखून ठेवतील. मग शेवटचा राक्षस येतो, त्यालाही ते कसेबसे साध्या औषधांवर निभावतात, पडद्यावर नावं सरकू लागतात आणि पिशवी भरलेली ती भरलेलीच.

"आता हे कोणाला पाजणार?" ताईनं एकदा विचारलं होतं.

"असू दे. असलेलं बरं."

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

गेल्या थंडीत भाऊजींना कामावर छातीत आवळून आलं. सोबतच्या मेकॅनिकनं थेट दवाखान्यात नेलं. हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशनची गरज आत्ता नाही, रोजची औषधं घ्या, जिने बेतानं चढा. आणि एक छोटी तपकिरी बाटली हातात ठेवून त्यांनी बजावलं, "छातीत दुखलं की असाल तिथे बसायचं आणि यातली एक गोळी जिभेखाली ठेवायची. लगेच. थोडं थांबून बघू, असलं काही चालणार नाही. तरी दुखणं हटलं नाही तर अँब्युलन्स." भाऊजींनी मान हलवून बाटली शर्टाच्या खिशात टाकली. कंपनीनं त्यांना ऑफिसात टेबलाचं काम दिलं. आम्हाला वाटलं, चला, सुटलो.

मग एका दुपारी मी चहाला वर गेले होते. ताई धुवायचे कपडे काढत होती. शर्टाचा खिसा चाचपला तर बाटली निघाली, आणि तिच्या झाकणाचं सील जसंच्या तसं होतं.

"अहो, परत दुखलं नाही वाटतं कधी?" ताईनं सहज विचारलं.

भाऊजींना खोटं बोलता येत नाही. "दुखतं अधूनमधून. पण तेवढं नाही."

"तेवढं म्हणजे केवढं?"

"म्हणजे, मोठं नाही. बसलो की जातं. बाटली एकदा उघडली की औषधाचा जोर उतरतो म्हणे. खऱ्या वेळेला हाताशी असावं ना!"

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. त्या गोळ्या काय फोटोफ्रेममध्ये लावणार आहात का, असं विचारलं. शॅम्पूचा विषय काढला, शर्टाचा काढला, पेनाचा काढला. भाऊजी नेहमीसारखे हसत राहिले. 

ताई मात्र उठली, टीव्ही लावला आणि कंट्रोलर हातात घेतला. तिचा नव्हे, भाऊजींचा गेम सुरू केला. भाऊजींची फौज शेवटच्या किल्ल्याच्या दाराशी कधीची तयारीत उभी होती. ताईनं ती उलट फिरवली आणि पार पहिल्या गावाबाहेरच्या तळ्यावर नेली. तिथे बेडूक असतात. ज्यांनी गेम कालच हातात घेतला त्यांच्यासाठी ठेवलेले, केविलवाणे हिरवे बेडूक.

एक बेडूक नायकाला चावला. नुसतं खरचटलं. ताईनं पिशवी उघडली आणि नायकाला अमृत पाजलं.

"अगं!" भाऊजी सोफ्यावरून अर्धे उठले. "बेडूक आहे तो!"

"चावला ना?"

दुसरा बेडूक चावला. दुसरं अमृत.

"अगं, तो जांभळा घोट आहे! त्यासाठी मी ज्वालामुखीत उतरलो होतो!"

"चावला ना?"

तळ्यावरचे सगळे बेडूक आळीपाळीनं येऊन चावून गेले आणि ताई एकेक घोट पाजत राहिली. भाऊजी सोफ्याची उशी पिळत होते. मला हसू येत होतं, पण ताई हसत नव्हती, म्हणून मी चहाच्या कपात बघत बसले. पिशवी रिकामी झाली तेव्हा तिनं भाऊजींच्या जुन्या नोंदीवरच गेम सेव्ह करून टाकला. म्हणजे परतीची वाटच बंद.

"आता शेवटच्या राक्षसासमोर काय घेऊन जाऊ?" भाऊजी रडवेले झाले होते. "रिकामी पिशवी?"

"रिकामी घेऊन जा!" ताईचा आवाज फुटला. "पण जा तिथपर्यंत! तुमच्या छातीतला राक्षस जपानी नाही हो. तो पाळीची वाट बघत उभा राहणार नाही. आणि भरलेली पिशवी मागे ठेवून गेलेला माणूस मला नको आहे. मला तुम्ही हवे आहात."

भाऊजींनी उशी सरळ करून ठेवली आणि आत जाऊन पडले.

बेडकांचा काही उपयोग झाला की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. ताई म्हणाली, मी बाटली तपासणार नाही, एकदा तपासली की रोज तपासत बसेन. माझ्यात एवढा संयम नाही. भाऊजी दुकानावरून जाताना मी हातातली कात्री थांबवून त्यांच्या खिशाकडे बघायची. खिशाला फुगवटा असायचा, पण सील काही काचेतून दिसत नव्हतं.

आणि एका रविवारी ऐन दुपारी आमच्याच इमारतीची लिफ्ट बंद पडली. कंपनीचा तक्रारीचा फोन आहे, माणूस येतो. पण या लिफ्टला भाऊजींनी आजवर दुसऱ्या मेकॅनिकला हात लावू दिलेला नव्हता. ते खाली आले, दारं बघितली आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावून जिन्याकडे वळले. माझ्या खुर्चीवर शेजारच्या काकू बसल्या होत्या, त्यांचे एका बाजूचे केस कापून झाले होते. दुसरी बाजू तशीच सोडून मी भाऊजींच्या मागे निघाले.

"भाऊजी, बेतानं."

"बेतानंच चाललोय."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते थांबले. एक हात कठड्यावर, दुसरा छातीवर. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"भाऊजी? काय होतंय?"

"काही नाही," ते म्हणाले. "बेडूक आहे."

मनात आलं, सगळं पाण्यात गेलं, या माणसाला अजूनही हा बेडूकच वाटतोय. मी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात भाऊजींनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली, पायरीवर बसले, खिशातून बाटली काढली आणि नखानं सील फोडलं. एक गोळी जिभेखाली ठेवून त्यांनी डोळे मिटले.

मी खालच्या पायरीवर बसले आणि, का कोण जाणे, त्यांचा पायाचा घोटा घट्ट धरून ठेवला. खालून काकूंच्या हाका येत होत्या. मी एका हातात फोन तयार ठेवला होता आणि नजर त्यांच्या ओठांवर होती. ओठ पांढरे होते. मग हळूहळू त्यांच्यात रंग परतला. भाऊजींनी लांब श्वास सोडला.

"गेला," ते म्हणाले.

"कोण?"

"बेडूक."

माझा जीव भांड्यात पडला. मी हसले, रडले, आणि त्यांच्या पोटरीवर दोन चापट्या मारल्या. मग ताईला फोन लावला. काय झालं ते धड सांगताही येईना. ती कंट्रोलर हातात घेऊनच धावत खाली आली. भाऊजींनी तिच्यासमोर बाटली धरली, शाळकरी पोरानं प्रगतिपुस्तक धरावं तशी.

"फोडलं," ते म्हणाले.

ताई त्यांच्या शेजारी पायरीवर बसली, खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली आणि नाक त्यांच्या बाहीला पुसलं. "संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे जायचं," ती म्हणाली. आम्ही गेलोही. त्यांनी तपासलं, रोजच्या औषधात थोडा बदल केला आणि अगदी बरोबर केलंत म्हणाल्या. भाऊजींनी त्यांना बेडकाचं सगळं सांगितलं. त्यांना त्यातलं काहीएक कळलं नसावं.

पण ते संध्याकाळी. त्या वेळी आम्ही तिघं पायऱ्यांवर बसलो होतो आणि खालून काकू विचारत होत्या, माझी दुसरी बाजू कधी होणार आणि लिफ्ट कधी चालू होणार. भाऊजींनी हत्यारांच्या पिशवीकडे बघितलं. मला वाटलं, आता उठतात. त्यांनी पिशवी पायानं भिंतीकडे सरकवली, फोन काढला आणि आपल्याच कंपनीचा तक्रारीचा नंबर लावला. पत्ता सांगितला. पलीकडच्या मुलीनं नेहमीचा प्रश्न विचारला, तो आम्हालाही ऐकू आला.

"कोणी आत अडकलंय का?"

भाऊजींनी ताईकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "सगळे बाहेर आहेत."