केनेडी की नेवार्क

आमच्या मोठ्या जाऊबाई, इंदुताई, पहिल्यांदा अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांनी कुठल्या विमानतळावर उतरायचं, यावरून आमच्या हैदराबादच्या बरकतपुऱ्याच्या घरात तीन-चार दिवस कुणी धड जेवलं नाही. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? विमान कुठंतरी उतरणारच की! मीही तसंच म्हटलं होतं. मला मेलीला काय ठाऊक.

ताई खालच्या मजल्यावर राहतात, आम्ही वर. मी फटकन बोलते आणि मग निस्तरत बसते. ताईंचं तसं नाही. काही बोलायचं असलं की आधी पदराचं टोक बोटाला गुंडाळणार, सोडणार, परत गुंडाळणार. तोवर समोरचा निघून गेलेला असतो. परभणीकडच्या खेड्यातून लग्न होऊन इथं आल्या तेव्हा मराठीशिवाय एक अक्षर येत नव्हतं. आता भाजीवालीशी तेलुगू, ऑटोवाल्याशी दखनी आणि देवाशी मराठी. घरात फॉल-पिकोचं मशीन आहे. सुलतान बाजारात साडी घेतली की अर्ध्या बायका तिथून थेट ताईंच्या ओट्यावर येतात. उधारी असो, रोकड असो, पाणी प्यायल्याशिवाय ताई कुणाला जाऊ देत नाहीत. हे पाण्याचं लक्षात ठेवा.

त्यांचे यजमान उमाजीराव, म्हणजे माझे मोठे दीर, वीज खात्यातून रिटायर झालेले. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी. मुलगा विक्रम, मुलगी त्रिवेणी. नव्वद सालानंतर आमच्या गल्लीचं काय झालं ते विचारूच नका. आधी फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसायचं, मग कोपऱ्यावर एसटीडीचं बूथ आलं, मग कॉम्प्युटरचे क्लास आले, आणि मग एकेका घरातनं पोरं अशी उडाली की संध्याकाळी ओट्यावर नुसती म्हातारी माणसं उरली. विक्रम गेला न्यू जर्सीला. त्रिवेणीचे यजमान अभिजीत पुण्याचे, तेही कॉम्प्युटरवालेच. ती दोघं आधी इथंच दिलसुखनगरला होती, मग न्यूयॉर्कला गेली.

विक्रमला दोन मुलं. त्रिवेणीला नाही. दोनदा आशा लागली आणि दोनदा गेली. यापुढे मी काही बोलत नाही, तुम्ही समजून घ्या.

तर त्या वर्षी ताईंना चेन्नईला जाऊन व्हिसा मिळाला. भाऊजींचे गुडघे गेलेले, म्हणून त्या एकट्याच जाणार होत्या. तिकीट विक्रमनं तिकडूनच ठरवलं होतं. आम्हाला फक्त आबिड्सला एजंटाकडं जाऊन ते हातात घ्यायचं होतं. मी बरोबर गेले. तिथला दिलीप आमच्या ओळखीचा. त्यानं कॉम्प्युटरकडं बघत विचारलं, "मावशी, फ्रँकफर्टला विमान बदलायचं. तिथून पुढं विक्रमनं नेवार्क सांगितलंय. करून टाकू ना? केनेडीला पण जागा आहे, भाडं तेच."

"एका शहराला दोन-दोन एअरपोर्ट?" मी म्हटलं. "कायकू?"

"काकू, आपल्याला नाही का काचीगुडा, नामपल्ली, सिकंदराबाद अशी तीन-तीन स्टेशनं? तसंच ते. नेवार्क विक्रमच्या घराजवळ. केनेडी त्या बाजूला, न्यूयॉर्कच्या क्वीन्सकडं."

"आमची त्रिवेणी क्वीन्सला राहते," ताई म्हणाल्या.

दिलीप बोट उचलून थांबला होता. ताईंच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं गेलं. सुटलं. परत गुंडाळलं गेलं. मागं दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि या बाईचा पदर काही सुटेना.

"दिलीप, मी उद्या सांगते," ताई म्हणाल्या आणि उठल्याच.

रस्त्यात मी त्यांच्यावर खेकसले. म्हटलं, "ताई, पोरानं सगळं ठरवलंय, तुम्ही आणि हे काय काढलंत? चार दिवस विक्रमकडं राहा, मग शनिवार-रविवार त्रिवेणीला भेटून या. सगळी जगरहाटी तशीच आहे."

"भेटून येईन," त्या म्हणाल्या. "पाणीही न पिता."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्यात जुनी रीत आहे. लेकीला मूलबाळ होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. शहरातल्या लोकांनी केव्हाच सोडली, पण आमच्या भाऊजींच्या घरात ती अजून तशीच बसलेली. त्रिवेणी दिलसुखनगरला होती तेव्हा ताई आणि मी तिचं नवं घर बघायला गेलो होतो. ताईंच्या पिशवीत घरून भरून घेतलेली पाण्याची बाटली. त्रिवेणीनं हौसेनं सरबताचे दोन ग्लास आणले. मी घटाघटा प्यायले. ताईंनी पिशवीतनं बाटली काढली. पोरगी तो ग्लास घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. परत येताना बसमध्ये ताई खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या.

घरी आल्यावर ताईंनी भाऊजींना सांगितलं, मी केनेडीला उतरावं म्हणते. आधी त्रिवेणीकडं आठ दिवस, मग विक्रमकडं.

भाऊजींनी पेपर खाली ठेवला. "आठ दिवस? आणि खाणार काय?"

"ती देईल ते."

"इंदू, तुला कळतंय का? अजून तिच्या घरात पाळणा नाही. आपल्याकडनं काही वावगं झालं आणि पुढं..." त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. खरं सांगते, ते रागावले नव्हते. घाबरले होते. लेकीवर जीव होता म्हणूनच ती रीत त्यांनी घट्ट धरून ठेवली होती. "रीत ती रीत. नेवार्कला उतर."

दोन दिवस खाली नुसता भांड्यांचा आवाज. ताई स्वयंपाक करायच्या, वाढायच्या आणि मशीनवर जाऊन बसायच्या. भाऊजी ताटावरून उठायचे. मला काही राहवेना. भाजीची वाटी घेऊन उगाच खाली-वर करत होते. त्यात त्रिवेणीचा फोन आला. ताई आंघोळीला गेलेल्या म्हणून मीच घेतला. भाऊजींनी विक्रमला सांगितलेलं, आणि तिला दादाकडनं सगळं कळलेलं.

"काकू, आईला सांगा, दादाकडंच उतर म्हणावं. बाबांना दुखवू नको. मी येईन ना तिकडं भेटायला."

"आणि तुझ्या घरी गं?"

मग म्हणाली, "माझ्या घरी काय, काकू. येईल कधीतरी." आणि लगेच नवे पडदे लावलेत, गादी घेतलीये असलं काहीबाही सांगायला लागली. अहो, आईसाठी तिनं खोली तयार करून ठेवली होती! न मागता, न सांगता. मी हौ हौ म्हणून फोन ठेवला, आणि ताई बाहेर आल्यावर शब्दन् शब्द सांगून टाकला. माझ्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ताई ओल्या केसांनी तशाच भाऊजींपुढं जाऊन उभ्या राहिल्या. पदर बिदर काही गुंडाळला नाही.

"माझे दादा आठवतात तुम्हाला?" त्या म्हणाल्या. दादा म्हणजे त्यांचे वडील.



मलाही थोडं ठाऊक होतं, पण सगळं त्या दिवशी कळलं. ताईंना लग्नानंतर कितीतरी वर्षं मूल नव्हतं. त्यांचे वडील कोर्टकचेरीच्या कामाला परभणीहून हैदराबादला यायचे. गाडी मनमाड-काचीगुडा. आधी सिकंदराबाद लागतं, मग काचीगुडा. काचीगुड्याला उतरलं की आमचं घर पायी जाण्याइतकं जवळ. पण ते सिकंदराबादलाच उतरायचे आणि प्रतापराव म्हणून त्यांचे चुलतभाऊ होते, त्यांच्याकडं राहायचे. लेकीचं स्टेशन पुढचंच. गाडी तीच. तरी उतरायचे नाहीत.

"पत्र यायचं, अमुक दिवशी येतोय," ताई म्हणाल्या. "मला माहीत असायचं ते सिकंदराबादला उतरणार. तरी मी काचीगुड्याला जाऊन उभी राहायचे. म्हटलं, एखाद्या वेळी विसरतील, झोप लागेल, पुढं येतील. सगळी गाडी रिकामी व्हायची आणि मी परत यायचे. एकदाच आले. बाकावर बसले. मी डबा नेला होता, त्यांना आवडतं म्हणून धपाटे, दही. म्हणाले, इंदू, तू खा, मी बघतो. फलाटावरच्या नळाचं पाणी प्यायले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. विक्रम झाला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात ते वारले. माझ्या घरचं घोटभर पाणी त्यांच्या तोंडात गेलं नाही. त्यांनी रीत पाळली. मी काय पाळलं? मी तिच्या घरी बाटली घेऊन गेले, अहो! तेच तिला केलं!"

ताई आयुष्यात एवढं एका दमात बोलल्या नसतील. मी दारात उभी राहून पदरानं नाक पुसत होते. भाऊजी उठले, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः आबिड्सला गेल्या आणि केनेडीचं तिकीट घेऊन आल्या. मग विक्रमला फोन केला. तो बिचारा हिरमुसला. "आई, पोरं आजीसाठी स्वागताची पाटी रंगवून बसलीत."

"मग पाटी घेऊन तूच ये की केनेडीला," ताई म्हणाल्या. "माझ्याच पोरानं दुसऱ्या स्टेशनावर यायला इतकं काय जड आहे?"

सुलतान बाजारात जाऊन आम्ही बॅग घेतली, त्रिवेणीच्या ओटीसाठी खण घेतला, खोबऱ्याची वाटी घेतली. शेंगदाण्याची चटणी मी कुटून दिली. बॅग भरताना ताईंच्या हाताला ती जुनी बाटली लागली. त्यांनी ती बघितली आणि फळीवर परत ठेवून दिली.

भाऊजी त्या दिवसांत जेवायला लागले होते, पण त्या विषयावर तोंड उघडत नव्हते. बेगमपेठेला विमानतळावर सोडायला आले. गर्दी एवढी की एका माणसामागं पंधरा माणसं निरोपाला. आत जायची वेळ झाली तेव्हा त्यांनी ताईंना एवढंच म्हटलं, "जपून." मला इतका राग आला! म्हटलं, दोन शब्द गोड बोललात तर तोंड झिजेल का तुमचं? मनात म्हटलं, हौ. दिराला तोंडावर कसं बोलणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खाली गेले तर भाऊजी फोनशेजारी खुर्ची ओढून बसलेले. दाढी नाही, आंघोळ नाही. फोन वाजला तसा त्यांनी झडप घालून उचलला आणि स्पीकरचं बटण दाबलं, कारण त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं.

"पोचले," ताईंचा आवाज आला. मागं पोरांचा गोंधळ, विक्रमचं हसणं.

"कुठं आहेस?"

"त्रिवेणीकडं. विक्रम पण आलाय, पोरं पाटी घेऊन आली होती. सगळी इथंच आहेत."

भाऊजी फोनवर आणखी वाकले. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "पाणी प्यालीस?"

"दारातच मागितलं," ताई म्हणाल्या. "आत पाऊलही टाकलं नव्हतं. म्हटलं, त्रिवेणी, तहान लागलीय, पाणी दे गं. तिच्या हातनं निम्मं सांडलंच. रडतीय अजून वेडी."

भाऊजींनी चष्मा काढून धोतरानं पुसला, परत घातला, परत काढला.

"तिथं आता रात्रीच्या जेवणाची वेळ असेल," ते म्हणाले.

"हो, पानं घेतलीत."

"मग उपाशी कशाला बोलत बसलीस? जेवून घे पोटभर. आणि तिला फोन दे जरा." त्रिवेणी फोनवर आली, बाबा म्हणाली, आणि पुढं तिला बोलवेना. भाऊजींनी पेन ओढून घेतलं. मग ते म्हणाले, "बाळा, ते विमानतळ कुठलं म्हणालात? केनेडी ना? लिहून ठेवतो. गुडघे जरा बरे झाले की मीही तिथंच उतरणार आहे."