विटांआडची भेग

धायरीतल्या आमच्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एका भिंतीला वर्षभरातच भेग पडली. आयटीतल्या मित्रांकडे पाहिल्या होत्या तशा विटा त्या भिंतीवर रंगवून घ्यायचं मी ठरवलं. पेंटर म्हणाला, "साहेब, आधी इंजिनिअरला दाखवा." मी खेकसलो, "तुम्ही रंगाचं बघा!" त्याने चिकटपट्ट्या लावल्या, स्पंजने लाल विटा उठवल्या. विटांमधल्या करड्या रेघांत भेग बेमालूम लपली.

दिवाळीत एका रेघेत माझं नख शिरलं. संक्रांतीला करंगळी. मी बायकोलाही सांगितलं नाही.

मग एका रविवारी वरच्या मजल्यावरचे काका आले. बराच वेळ भिंत न्याहाळून हळूच म्हणाले, "अहो, या पेंटरचा नंबर द्या. आमच्याकडेही याच भिंतीवर विटा रंगवून घ्यायच्यात."