हरीकाकांनी बॉनेट उघडलंच नाही

हरीकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी डायलिसिस सेंटरबाहेर गाडीतच बसले होते. त्यांच्या मुलाने दोन वाक्यांत सांगितलं... सकाळी छातीत दुखलं, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. आत माझा नवरा सुभाष मशीनला जोडलेला. त्याला एवढ्यात सांगायचं नाही असं ठरवलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून पोटभर रडले. त्या दिवसाला आता महिना उलटला. राजोडीच्या वाटेवर पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवणाऱ्या मेकॅनिकसाठी एवढं रडू का यावं, हे प्रत्येकाला सांगत बसण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

दोन वर्षांपूर्वी सुभाषच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्याचं गाडी चालवणं बंद झालं आणि मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, क्लच म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. लायसन्स मिळालं, पण गाडी काही माझ्या हातात रमेना. मनवेलपाड्यातून निघून पुलावर चढताना धापा टाकायची, पेट्रोल मात्र घटाघटा प्यायची. "माझ्या हातात कशी पळायची!" सुभाष शेजारी बसून म्हणायचा. आजारी माणसाला काय बोलणार? एका मोठ्या गॅरेजने तर इंजिनच उघडावं लागेल म्हणून सांगितलं. मग गाडी विकून रिक्षाने जाऊ, असं सुभाषने सुरू केलं. डायलिसिसनंतर त्याला धड उभं राहवत नाही, भर उन्हात रिक्षाची वाट कुठे बघत बसायची? आणि खरं सांगू, गाडी विकली असती तर मी पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नसता.

शेवटचा उपाय म्हणून एका मैत्रिणीने हरीकाकांकडे पाठवलं. साठी ओलांडलेली, घरची केळीची वाडी सांभाळून गॅरेज. मी बॉनेट उघडायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाय, ते मागून बगू. आधी तू चालवून दाखव." मला घामच फुटला. ते शेजारी बसले, सुभाष मागे. थोडं फिरवून आणल्यावर त्यांनी सपाट रस्त्यावर मला न्यूट्रल टाकायला लावलं. गाडी आपली आपण पुढे घरंगळायला हवी होती. ती जागच्या जागी थांबली. काका उतरले, एकेका चाकाजवळ तळहात नेला आणि मागच्या डाव्या चाकापाशी मला बोलावलं.

"हात लावू नको, नुसता जवळ आन."

तापल्या तव्यासारखी धग लागली.

"ब्रेक चाकाला धरून बसलाय. इंजिन बिचारं ओढतंय, मग पेट्रोल नाय पिनार तर काय करनार?"

"मीच हँडब्रेक काढायला विसरले असेन," मी लगेच कबुली दिली. दोष स्वतःकडे घ्यायची तोवर सवयच झाली होती.

काकांनी विचारलं, "पावसात गाडी कुठं उभी होती?" आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात पाणी भरतं, आणि सुभाष आजारी पडला तेव्हा गाडी दोन महिने तिथेच उभी होती. "पान्यात, हँडब्रेक ओढून? मग तार गंजनार, ब्रेक चिकटनार. ओढला कोनी?"

मागच्या सीटवरून आवाज आला, "मी." आणि मग सुभाष स्वतःच हसायला लागला. आजारपणानंतर त्याला इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"पोरगी बरी चालवते," काका त्याला म्हणाले. "अडकलेली गाडी एवढे दिवस चालवली, सोपं नाय." त्या एका वाक्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे. मग चाक काढून त्यांनी ब्रेक मोकळा केला, तार बदलली, बॉनेटला हातही लावला नाही. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी जाणं व्हायचं. पावसाळ्यात हँडब्रेक न ओढता गाडी गियरमध्ये उभी करून चाकाला वीट लावायची, हे त्यांनीच शिकवलं. निघताना वाडीतली राजेळी केळी गाडीत ठेवायचे, नको म्हटलं तर रागवायचे.

परवा सेंटरहून परतताना पुलावर गाडी पुन्हा जड वाटली. आता कुणाला विचारायचं? पूल उतरून गाडी बाजूला घेतली. चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, तापलेलं एकही नव्हतं. मग लक्षात आलं, मागच्या एका टायरमध्ये हवाच कमी होती. हळूहळू पंपापर्यंत नेली, हवा भरली, आणि गाडी सुरळीत धावू लागली. आनंदाने सुभाषला सांगायला वळले, तर तो गाढ झोपलेला. गेल्या दोन वर्षांत मी चालवत असताना त्याचा कधी डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता चक्क घोरत होता. मी रेडिओ बारीक केला आणि जपून गियर टाकत घराकडे निघाले.