वाचणारा कुठे बसलाय?

कानामागची पेन्सिल काढून तो ती कपाळावर दोनदा टेकवी आणि विचारी, "मामा, वाचणारा कुठे बसलाय?" वाचकहो, माझ्या कित्येक कायदेशीर नोटिसा या एका प्रश्नापाशी अडल्या.

तो आमच्या गल्लीतला, मला मामा म्हणणारा तरुण; तंजावूरच्या राजवाड्यामागे त्याचे इंटरनेट केंद्र होते. तीन संगणक आणि एक कुरकुरणारा पंखा. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या मराठी गल्लीतली विहीर बुजवण्याची सरकारी सूचना निघाली, हरकतींना तीस दिवस. निम्मी घरे चेन्नई-तिरुच्चीला पांगलेली. म्हणून मी अकरा परिच्छेदांचा हरकतअर्ज लिहिला आणि त्याने त्याचे संकेतस्थळ केले. संगणकावर मराठी अक्षरे धड उमटत नसत. त्याने माझ्या हस्ताक्षराची चित्रेच चढवली.

वीस दिवसांत एकही सही आली नाही.

सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने कळवले, 'पान उघडण्यास विलंब होत असावा. देशोदेशीच्या सर्व्हरांवर त्याच्या प्रती ठेवणारे कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क घ्यावे.' मी तत्काळ सेवेतील कसुरीची नोटीस लिहावयास घेतली.

"नोटीस मागाहून, मामा. वाचणारा कुठे बसलाय?"

त्याने सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. "हे पाहा, सगळे तिरुच्ची, चेन्नई, नाही तर ह्याच गावात. देशोदेशी प्रती कशास? पान सावकाश का होईना, पुरतं पोचलंय. पोचल्यावर मात्र पुढचं पान कोणी उघडलं नाही."

मग शेजारच्या अक्कांना बोलावून त्याने पडद्यासमोर बसवले.

"अय्यो, नागरी अक्षर!" अक्का हसल्या. "मराठी बोलायला येतं रे मला, वाचायला कुठे येतं? शाळेत तमिळच शिकले. कोणी लिहिलं हे?"

मी लिहिले होते. माझ्या मराठी पत्रांना उत्तर देत नाहीत म्हणून ज्या नातलगांवर मी चाळीस वर्षे संतापलो, ते सारे डोळ्यांपुढे उभे राहिले.

त्याने पेन्सिल कानामागे ठेवली. "मामा, आता नोटीस कोणाला?"

त्या दुपारी मी वाचत गेलो आणि तो तेच मराठी तमिळ अक्षरांत उतरवत गेला. अकरा परिच्छेदांचे त्याने तीन केले. मी कडाडून भांडलो. एक स्वल्पविराम वाचवू शकलो. अखेरच्या आठवड्यात सह्यांचा गठ्ठा जमला. विहीर राहिली.

तो मात्र अकाली गेला. श्रद्धांजलीचा कागद गल्लीने मला लिहावयास सांगितला. मी तो मराठीतच लिहिला, तमिळ अक्षरांत, अडखळत. आणि विहिरीच्या कठड्यावर चिकटवला. अक्का पाण्याला आल्या, घागर खाली ठेवली आणि मोठ्याने वाचू लागल्या.