आत घेतलेली झबली

उंद्रीत कोणाच्या घरी पाळणा हलायचा असला, की बातमी आधी चांगुणाबाईच्या मशिनीवर येते, मग सोयऱ्याधायऱ्यांना कळते. झबली, टोपरी, कुंच्या, सारा बाळंतविडा तीच शिवते. तिचा नियम एकच, झबलं वाढत्या अंगाचं पाहिजे. काखेत अन् खाली दोन बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं, म्हणजे लेकरू वाढलं की टाका उसवून झबलं मोठं करता येतं. बाया मोठं करून न्यायला आल्या, की ती पोराची मांडी दाबून पाहते अन् सांगते, "भरलं पोट्टं." नसलं भरलं तर तेही तोंडावर सांगते. भीडभाड तिला ठाऊकच नाही.

मग तिच्याच घरी नातू झाला, सुजात, अन् तोही दीड महिना आधी. कशाची घाई होती, त्याचं त्यालाच माहीत. बुलढाण्याला दवाखान्यात काचेच्या पेटीत राहून घरी आला, तेव्हा दुपट्यात लेकरू कुठं आहे ते शोधावं लागायचं. सून समता हिला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. चांगुणाबाईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मलेच माय समज."

आता चांगुणाबाईच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली. बाळंतिणीनं काळजी केली, की दूध आटतं. तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. म्हणून समताच्या कानावर वाईटसाईट काही जाऊ द्यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं. मुलगा प्रेमानंद उंद्री-चिखली जीप चालवतो. तो एकदा जेवताना लेकराबद्दल काही बोलायला गेला, तर तिनं त्याला मध्येच तोडलं. "तू जलमला तवा बेंडकावानी होता. जेव मुकाट्यानं."

मुलाचं तोंड बंद करता आलं, पण झबल्याचं काय करणार? ते लेकराच्या खांद्यावरून घसरायचं. समता अंघोळीनंतर झबलं घालायची अन् त्या ढगळ गळ्याकडे पाहत बसायची. चांगुणाबाईला ते पाहवेना. एका दुपारी मायलेकरं झोपली, तशी तिनं दोरीवरची सगळी झबली काढली, काखेत बोटभर आत घेतली अन् पुन्हा होती तशी टाकून दिली. दुसऱ्या दिवशी झबलं अंगासरशी बसलं. "पाह्य, भरला का नाही?" समता हसली. त्या हसण्यापायी चांगुणाबाईनं पुढची झबली मुळातच लहान बेतली अन् वर सांगितलं, की ही मोठ्या मापाची आहेत.

अंगणवाडीच्या सोजराबाईचा वजनासाठी निरोप आला, की चांगुणाबाई म्हणायची, पुढच्या वेळी आणू. असे दोन महिने गेले. तिसऱ्यांदा निरोप आला, तेव्हा समताच खाली पाहून सासूला म्हणाली, "कायले न्यायचं, आत्या? झबलं तं बरोबर बसून राह्यलं."

चांगुणाबाईनं लेकराच्या अंगातल्या झबल्याकडे पाहिलं. पोरीला धीर यावा म्हणून घातलेला टाका आता पोराच्या आड आला होता. लेकराला खरंच काही कमी पडत असलं, तर त्याला जबाबदार तीच. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे दुसऱ्यांना सांगणारी ती.

तिनं पहिल्या झबल्यांतलं एक आणलं, समतासमोर बसली अन् काखेतला टाका उसवला.

"हे मी आत घेतलं होतं. पोरगं भरलं नाही, समते. भरल्यावानी दाखोलं मी. तुहं दूध आटन म्हून."

समता चिडली नाही. "मले माहीत होतं," ती म्हणाली. "शिवणं तुमच्यापाशीच शिकली न मी. जुन्या टाक्याची भोकं दिसतात, आत्या."

"मंग बोलली काऊन नाही व?"

"गावातल्या साऱ्या लेकरायचं तुमी तोंडावर सांगता. माह्यापासून लपोलं, म्हणजे काही भलतंच असन, असं वाटलं. इचारलं असतं तं तुमी खरं सांगतलं असतं. त्याचंच भेव होतं मले. म्हून वजनालेही नेलं नाही."

एवढं बोलून ती रडायला लागली. चांगुणाबाईला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. जिला काळजी लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला, ती पोर हाताच्या अंतरावर एकटीच भीत बसली होती. "ऊठ," तिनं डोळे पुसत म्हटलं अन् सुजातला उचललं.

अंगणवाडीत सोजराबाईनं आधी दोघींना चांगलंच झाडलं, मग लेकराला काट्याच्या झोळीत ठेवलं. तिनं कार्डावर ठिपका दिला अन् मागच्या ठिपक्याला जोडला. "हा आधी जन्मला. डॉक्टरनं दिलेल्या तारखेपासून याचं वय धरा. सहा महिन्यांचा नाही, साडेचारचा समजा. अन् शेजारच्या पोराशी नका ताडू, याच्याच मागच्या वजनाशी ताडा. रेघ वर चालली आहे, पण पाहिजे तेवढी नाही. आधीच आणलं असतं, तर आधीच काही करता आलं असतं. पालथा पडते का? आवाजाकडे पाहते? हसते?"

"हाव," समता प्रत्येकाला म्हणाली.

"मग उद्या दवाखान्यात दाखवून आणा. दूध घडीघडी पाजा. अन् पंधरा दिवसांनी इथं या, बोलवायची वाट नका पाहू."

समतानं मान हलवली, पण तिची नजर सासूकडेच होती. "आत्या, तुमी सांगा."

चांगुणाबाई काट्याजवळ गेली. गावातल्या कोणत्याही लेकराची दाबावी, तशी तिनं नातवाची मांडी दाबून पाहिली. मग सुनेच्या डोळ्यात पाहून म्हणाली, "बारीक हाये, समते. लय बारीक हाये. पण वाढून राह्यला."

'बारीक' हे तोंडावर ऐकायला मिळालं, म्हणून समताला 'वाढून राह्यला' हेही खरं वाटलं. ती तिथंच भिंतीला टेकून लेकराला पाजायला बसली.