बायपासच्या अलीकडचे सायकलवाले

सायकल चालवून माणूस बारीक होतो म्हणतात. आमच्या ग्रुपात इतक्या वर्षांत कुणीही बारीक झालेलं नाही, किस्से तेवढे वाढत गेले. आणि गंमत म्हणजे सगळे एकाच जागेवरचे! ती जागा म्हणजे धाराशिवच्या बाहेरचं बायपासचं क्रॉसिंग. माझं मेडिकलचं दुकान असल्यामुळं त्यातल्या बऱ्याच किश्शांना बँडेज माझ्याच दुकानातलं लागलंय.

तर गावाबाहेर तलावाकडं जाणारा छान सायकल ट्रॅक केलाय. लाल रंग, दोन्ही बाजूंना झाडं, बसायला बाकडी. मध्येच बायपास आडवा येतो. तिथं ट्रॅक संपतो आणि रस्त्याच्या पलीकडं पुन्हा सुरू होतो. मधलं तुमचं तुम्ही बघायचं! 'सावधान, पुढे क्रॉसिंग आहे' अशी पाटीही आहे, पण ती लागते रस्ता ओलांडल्यावर. जो धडधाकट पोचला त्यानं ती निवांत वाचावी.

•

ग्रुपचे कॅप्टन देशमाने सर. रिटायर्ड पीटी मास्तर, शिट्टी अजून गळ्यात. त्यांचा नियम असा: क्रॉसिंग आलं की एक शिट्टी, सगळ्यांनी ब्रेक लावून पाय टेकायचा. उजवीकडं, डावीकडं, पुन्हा उजवीकडं बघायचं. दोन शिट्ट्या झाल्या की निघायचं.

पहिल्या दिवशी सरांनी कानठळ्या बसतील अशी शिट्टी मारली. आमच्यातलं कुणीच थांबलं नाही. थांबली ती एक काळीपिवळी जीप! ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"येरमाळा, येरमाळा! किती शिटा हायती?"

सर म्हणाले, "आम्हाला फक्त रस्ता ओलांडायचाय."

"मग शिट्टी कशाला मारता राव!"

तो वैतागून गेला. त्या क्रॉसिंगवर आजवर आपखुशीनं थांबलेली ती एकमेव गाडी.

•

आमच्यात महादूअण्णा आहेत. लोहाऱ्याकडं बागायत, डॉक्टरनं सांगितलं म्हणून सायकल. हेल्मेट आणलं ते लई भारी, पण घालायचे हँडलला. हँडलचं डोकं सुरक्षित, अण्णांचं उघड्यावर.

सरांनी दम दिला तेव्हा अण्णांनी ते टोपीच्या वर चढवलं. पट्टा हनुवटीपर्यंत पोचेना.

"अण्णा, टोपी काढा आधी."

"टोपी काढून घरातनं निघालो तर समदी गल्ली इचारंल, कोण गेलं म्हणून!"

सर म्हणाले, "हेल्मेट नाही घातलं तरी तेच विचारतील!"

अण्णा दोन दिवस रुसून सगळ्यांच्या मागं सायकल चालवत राहिले. तिसऱ्या दिवशी हेल्मेट घालून आले, टोपी खिशात.

•

क्रॉसिंगच्या मधोमध आलं की पलीकडच्या टेकडीवरलं देवीचं शिखर दिसतं. झालं! आमच्या भागातला माणूस शिखर दिसल्यावर हात जोडल्याशिवाय पुढं जाईल? अण्णा बरोबर हायवेच्या मध्यावर दोन्ही हात सोडून, डोळे मिटून नमस्कार करायचे. एकदा बाजूनं ट्रक आला. म्हटलं, हा तरी बघेल. वर पाहिलं, तर ड्रायव्हरनंही स्टिअरिंग सोडून हात जोडलेले! दोघं भक्त एकमेकांपासून वीतभर अंतरावरून गेले आणि दोघांनाही पत्ता नाही.

सरांनी डोकं चालवलं. रस्त्याच्या अलीकडं चुन्याची रेघ मारली आणि लिहिलं, 'नमस्कार येथे करावा.' शिखर तिथनं दिसत नव्हतं, तरी शिट्टीनं जे जमलं नव्हतं ते रेघेनं जमलं. सगळे थांबायला लागले, पाय टेकायला लागले, नमस्कार करून, नीट बघून निघायला लागले. सर खूश!

आठवड्याभरात रेघेशेजारी कुणीतरी शेंदूर फासलेला दगड ठेवला. पुढच्या आठवड्यात नारळ फुटले. महिन्याभरात वर पत्र्याचं शेड आलं. आता त्या शेडमुळं उजवीकडून येणारी गाडीच दिसत नाही.

•

नलूकाकू आमच्यातल्या सगळ्यात शिस्तीच्या. एका कचेरीत कारकून होत्या, रिटायर झाल्यावर साठाव्या वर्षी सायकल शिकल्या. "जन्मात पहिल्यांदा कुणाला न विचारता कुठंतरी जाते," असं म्हणायच्या.

गळिताचा हंगाम होता. मोठ्यानं गाणी लावून उसाचा ट्रॅक्टर आला. काकूंनी पाय टेकला, ट्रॅक्टर जाऊ दिला, त्यामागची ट्रॉलीही जाऊ दिली आणि निघाल्या. पण त्या ट्रॉलीमागं दुसरी ट्रॉली होती, तिच्यातला बाहेर आलेला ऊस हँडलला अडकला आणि काकू रस्त्यावर आडव्या! चष्मा फुटला, गुडघा सोलला, डोकं हेल्मेटमुळं वाचलं. बँडेज अर्थातच माझ्या दुकानातलं.

ट्रॅक्टरवाला पुढं जाऊन थांबला, खाली उतरला, मागची ट्रॉली निरखून बघितली आणि ओरडला, "काय न्हाय झालं, मोळी शाबूत हाय!"

घरी काकूंच्या यजमानांनी सायकल उचलून माळ्यावर टाकली. म्हणाले, "तिथं गतिरोधक होईल त्या दिवशी खाली काढीन." आणि ते शब्दाचे पक्के आहेत, हीच अडचण!

•

मग काकूंनी रस्ते खात्याच्या कचेरीत गतिरोधकासाठी अर्ज केला. जन्म अर्ज वाचण्यात गेलेला, त्यामुळं अर्ज बिनचूक. नकाशा, फोटो, फुटलेल्या चष्म्याचासुद्धा फोटो! 'वाहने न थांबल्याने रस्ता ओलांडणे अशक्य होते,' हे वाक्य अधोरेखित. आणि चमत्कार झाला. साहेब स्वतः जागेची पाहणी करणार, असा निरोप आला. अर्जदारांनी तलावाच्या बाजूला हजर राहावं.

आम्ही सकाळी सहालाच, रहदारी नसताना, पलीकडं जाऊन बसलो. काकू मागच्या वाटेनं रिक्षातून आल्या. थर्मासमध्ये चहा, गुलाबाचं फूल, सगळी तयारी. साहेब अकराला आले, गावाच्या बाजूला. सोबत टेप धरलेला शिपाई. आम्ही हात केला, त्यांनीही केला. मग ते रस्त्यात एक पाऊल टाकायचे आणि मागं घ्यायचे. ट्रक, एसटी, उसाच्या ट्रॉल्या, पुन्हा ट्रक. सरांनी इकडून शिट्ट्या मारल्या, फरक शून्य. पाऊण तास साहेब तिकडं, चहा इकडं!

शेवटी काकूंचा फोन वाजला. साहेब वैतागलेले. "अहो, तुम्हीच या की इकडं!"

काकू म्हणाल्या, "साहेब, अर्जात तेच तर लिहिलंय!"

साहेबांनी फोन ठेवला, शिपायानं टेप गुंडाळला आणि गाडी वळवून दोघं गेले.

पंधरा दिवसांनी काकूंना कचेरीचं पत्र आलं. आम्ही सगळे त्यांच्या घरी जमलो. यजमान माळ्याला शिडी लावून तयार उभे होते. काकूंनी नवा चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं:

"प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी, पाऊण तासाच्या कालावधीत, सदर ठिकाणी रस्ता ओलांडताना एकही नागरिक आढळून आला नाही. सबब, गतिरोधकाची आवश्यकता दिसून येत नाही."