जंबोची शेवटची झेप, मुक्काम खर्डी

सरकारी विमान कंपनीच्या जंबो जेटची कारकीर्द नेमकी कुठे संपली, हे मला ठाऊक आहे. खर्डीजवळ, आमच्या अंगणातल्या पेंढ्याच्या उडवीत. मी तेव्हा त्यात बसलो होतो. म्हणजे, बांधलेला होतो!

या प्रकाराचे कर्तेकरविते आमचे बाळाकाका. काका त्या कंपनीत नोकरीला होते. कसली नोकरी, हे विचारायची सोय नव्हती, कारण उत्तरादाखल जंबोचा अख्खा इतिहास ऐकावा लागे. "अरे, जंबो आला तवा विमानात जिना होता, जिना! वर दिवाणखाना! भायेरून खिडक्यांना राजवाड्यासारख्या महिरपी! तुमी काय बघितलंय रे? खर्डी स्टेशन!" पुढचा इतिहास काका शिताफीने गाळत. जंबो म्हातारं झालं, चार इंजिनांचा खर्च परवडेना, नवी विमानं आली आणि जुनी एकेक करून कोपऱ्यात उभी राहिली. हे आम्हाला पेपरातून कळलं. काकांच्या तोंडचं जंबो मात्र तरुणच!

माझं लग्न धसईच्या सुनंदाशी ठरलं तेही या जंबोच्या जिवावर. मी बी. कॉम. होऊन घरी माश्या मारत होतो. "पोराला विमानात चिकटवतो," असा काकांनी शब्द दिला, म्हणून तिचे वडील तयार झाले. एरवी त्यांनी मला म्हैससुद्धा विकली नसती.

साखरपुडा आमच्या अंगणात होता. सकाळीच काका टेम्पोतून उतरले, आणि मागून उतरल्या जंबोच्या एकमेकींना जोडलेल्या तीन खुर्च्या! विमान मोडीत निघालं, तेव्हा भंगारवाल्याला गाठून पैदा केलेल्या.

"भाड्याच्या खुर्च्या कशाला? हॅट! नवरानवरी जंबोत बसनार!"

आता, विमानातल्या खुर्चीला स्वतःच्या पायांवर उभं राहायची सवय नसते (अगदी माझ्यासारखीच!). तिथे ती खालच्या पट्ट्यांना घट्ट जखडलेली असते. आमच्या शेणाने सारवलेल्या अंगणात कुठल्या आल्यात पट्ट्या? काकांनी खाली विटा रचल्या आणि वर कंपनीचं ब्लँकेट पसरलं. आई म्हणाली, "भावजी, हलतंय वो ते!"

"वहिनी, हवेत सगळंच हलतं!"

ही अक्कल, आणि हे मला नोकरीला लावणार!

मी आणि सुनंदा दोन कडांना बसलो. मधली खुर्ची रिकामी बघून सासऱ्यांना राहवेना. "आमी पन बसतो. जावयाच्या हापिसात बसल्यासारखं वाटंल!" काकांनी तिघांच्याही कमरेला पट्टे आवळले. "नियम म्हंजे नियम!" गावकरी गोळा झाले. काकांना चेव चढला. "आता बटण दाबा आनि मागं रेला!"

आम्ही तिघेही एकदम रेललो. (माणसाने थोडं तरी डोकं वापरावं की नाही?) विटा सरकल्या, खुर्च्या उलथल्या आणि आम्ही मागच्या उडवीत! डोकी पेंढ्यात, सहा पाय आभाळाकडे. वरून अर्धी उडवी अंगावर कोसळली. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच आहे.

"सोडवा वो!" सासरे पेंढ्यातून ओरडले.

काका धावले. पट्ट्याचं बक्कल त्यांनी दाबलं, ओढलं, दगडाने ठोकलं. ते ढिम्म हलेना! मीही माझ्या बी. कॉम.सकट माझं बक्कल दाबतच होतो.

"व्याही," सासऱ्यांनी उलट्या तोंडाने विचारलं, "तुमी विमानात काम करता ना?"

"करतो... म्हंजे... ब्लँकेटं धुतो," काका पुटपुटले. "आत कंदी गेलो नाय."

संपलं! माझी नोकरी, माझं लग्न, सगळं त्या पेंढ्यात गाडलं गेलं. इतका संताप आला की काकांना लाथच मारली असती. पाय वर होतेच, पण काका खाली होते.

तेवढ्यात खट् असा आवाज झाला. सुनंदा पदर सावरत उभी. मग तिने वडिलांचं बक्कल उघडलं, शेवटी माझं. "वर उचलायचं असतं. त्याच्यावर लिवलंय की!"

सासरे केसांतला पेंढा झटकत लाल झाले होते. "चल गो घरी! नोकरी नाय, काय नाय. अशा येड्यांच्यात देऊ व्हय तुला?"

सुनंदा मला आपादमस्तक न्याहाळत होती.

"बाबा, मी करते लग्न," ती म्हणाली. "यांच्यात पट्टा सोडवनारं एक तरी मानूस पायजे."

लग्न झालं. नोकरी मी मुरबाडच्या एका कारखान्यात मिळवली, जमिनीवरची. त्या खुर्च्यांवर आमच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या, तेव्हा कुठे जंबोचा कुणालातरी उपयोग झाला.

बऱ्याच वर्षांनी आम्ही पहिल्यांदा खऱ्या विमानात बसलो. तोवर जंबोंची सद्दी संपली होती. दोन इंजिनांचं साधंच विमान, जिना नाही, महिरपी नाहीत. विमान उतरलं, माणसं पिशव्या काढून दाराकडे निघाली. मी खिडकीतून बाहेर बघत, अगदी सराईतासारखा, शांत बसून होतो. शेवटी आत कुणीच उरलं नाही, तेव्हा हळूच म्हणालो,

"सुनंदा, जरा बघतेस का गं?"